कॉफीचा बहार आणि पाण्याची पाळी

कॉफी हे गोव्याचे मुख्य पीक नव्हे. तरीही घाटाला लागून असलेल्या तालुक्यांत, कुळागराच्या, म्हणजे पोफळींच्या मिश्र बागेच्या, कडेला किंवा पोफळींच्या मधल्या जागेत, हौसेने लावलेली कॉफीची झाडे अधूनमधून दिसतात, आणि ती फळायला लागली की मालकाला प्रश्न पडू लागतात. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा रोख पाण्यावर आहे, म्हणून हा अंक त्याच विषयाला दिला आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : वाळपईजवळ आमचे वडिलोपार्जित कुळागर आहे. चिकमंगळूरहून आणलेली रोबस्टा कॉफीची काही रोपे आम्ही पोफळींच्या मधोमध लावली होती. झाडे आता पुरुषभर उंच आणि हिरवीगार आहेत. डिसेंबरपासून पोफळींना दर चार-पाच दिवसांनी पाटाचे पाणी देतो, तेच कॉफीलाही मिळते. मात्र फुले एकदम येत नाहीत. जानेवारीत थोडी, मग मार्चमध्ये थोडी, पुन्हा मे महिन्यात थोडी, असे चालते. एकाच फांदीवर कळी, हिरवे फळ आणि लाल फळ एकाच वेळी दिसते, त्यामुळे तोडणी कधी करावी हेच कळत नाही. पाणी कमी पडते की काय? (एक वाचक, सत्तरी)

उत्तर : पाणी कमी पडत नाही, उलट डिसेंबर-जानेवारीत ते नको तेवढे मिळते. डाळिंब, मोसंबी किंवा संत्र्याची बाग ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना बहार धरण्यासाठी झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे काही काळ त्याचे पाणी तोडावे लागते, हे सांगायला नको. कॉफीचा स्वभावही त्याच वळणाचा आहे.

पावसाळ्यात ज्या आडव्या फांद्या वाढतात त्यांच्या प्रत्येक पेऱ्यावर, पानाच्या बेचक्यात, दिवस लहान होऊ लागल्यावर फुलकळ्या धरू लागतात. या कळ्या साधारण चार ते सहा मिलिमीटर लांब झाल्या की थांबतात आणि कोरडा काळ संपेपर्यंत तशाच निपचित राहतात. हे थांबणे फार महत्त्वाचे असते, कारण पुढे गेलेल्या कळ्या थांबून राहतात आणि मागाहून धरलेल्या कळ्या तोपर्यंत त्यांना येऊन मिळतात. असा काही आठवड्यांचा कोरडा ताण बसल्यानंतर एक दमदार पाऊस पडला किंवा तेवढेच पाणी दिले की साऱ्या कळ्या एकदम जाग्या होतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या लांबट आणि पांढुरक्या दिसू लागतात, आणि सात ते दहा दिवसांत सगळी बाग एकाच पहाटे मोगऱ्यासारख्या वासाने भरून जाते. पाऊलो अल्विम या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९६० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात नेमके हेच मांडले होते की पाण्याचा ताण ही कॉफीला फुलण्यासाठी लागणारी अट आहे.

आता आपल्या कुळागरात काय होते ते पाहा. दर चार-पाच दिवसांनी पाटाचे पाणी मुळांशी येत असल्यामुळे कळ्यांना थांबायला वेळच मिळत नाही. जी कळी ज्या आठवड्यात तयार होईल ती त्या आठवड्यात उमलते. शिवाय सतत ओलावा मिळणारे झाड पालवीकडे झुकते. झाडे हिरवीगार दिसतात असे आपण लिहिले आहे, ते यामुळेच. फुले विखुरली की फळेही विखुरतात, कारण रोबस्टाच्या फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत दहा ते अकरा महिने लागतात आणि प्रत्येक खेपेच्या फुलांचा हिशेब स्वतंत्र चालतो.

यात आणखी एक नुकसान आहे, ते सहसा लक्षात येत नाही. रोबस्टाच्या फुलाला स्वतःच्या झाडाचा पराग चालत नाही. दुसऱ्या, वेगळ्या वाणाच्या झाडाचा पराग वाऱ्याने किंवा मधमाशीने यावा लागतो. सगळी झाडे एकाच दिवशी फुलली तर परागाची देवघेव मुबलक होते. आज या झाडावर दहा फुले आणि पुढच्या आठवड्यात त्या झाडावर वीस, असे चालले तर बरीच फुले फळ न धरताच गळून जातात. म्हणजे तोडणीचा त्रास वाढतो तो वाढतोच, एकूण उत्पन्नही घटते.

उपाय सांगणे सोपे आहे, पण कुळागरात तो पाळणे अवघड आहे, कारण पोफळीला ताण सोसत नाही. उन्हाळ्यात पाणी चुकले तर कोवळी सुपारी गळते. ज्या पोफळींच्या जिवावर कुळागर उभे आहे त्यांना कॉफीसाठी उपाशी ठेवा, असा सल्ला कोणीही देऊ नये. तेव्हा दोघांचे पाणी वेगळे करणे एवढाच मार्ग उरतो. शिफारशीप्रमाणे पोफळी २.७ मीटर अंतरावर असतील तर चार पोफळींच्या मधोमध लावलेले कॉफीचे झाड प्रत्येक बुंध्यापासून सुमारे १.९ मीटर दूर राहते. पोफळीला बुंध्याशी ठिबक बसवले तर आपल्या जांभ्या मातीत मधली जागा बऱ्यापैकी कोरडी राहू शकते. पाटपाण्यात किंवा मोठ्या तुषार सिंचनात हे साधत नाही. आपल्याकडे पाटच चालू ठेवायचा असेल तर मधली कॉफी हौस म्हणून राहू द्यावी, आणि उत्पन्नाची अपेक्षा असेल तर नवी रोपे कुळागराच्या वरच्या कडेला, जिथे पाटाचे पाणी चढत नाही पण फणस, आंबा किंवा काजूची विरळ सावली आहे, तिथे लावून त्यांना स्वतंत्र नळी द्यावी. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे.

ताण किती द्यावा, याचा अंदाज झाडच देते. दुपारी पाने मलूल होऊन संध्याकाळपर्यंत पुन्हा ताठ झाली तर ताण योग्य चालला आहे असे समजावे. पहाटेही पाने लोंबलेली दिसली तर ताण मर्यादेबाहेर गेला आहे आणि पाणी लांबवता कामा नये. जांभी माती ओल फार काळ धरत नाही, म्हणून परतीचा पाऊस संपल्यावर झाडाच्या आळ्यात पालापाचोळ्याचे किंवा झावळ्यांचे जाड आच्छादन घालावे. ताण त्यामुळे हळूहळू बसतो, झाडाला एकदम धक्का बसत नाही. डिसेंबर, जानेवारी कोरडे ठेवून, असलेली फळे उतरवून झाली की फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत केव्हाही ताण तोडावा.

प्रश्न : सांगे तालुक्यात डोंगरउतारावर माझी रोबस्टाची लहान बाग आहे. पाण्याची सोय नाही, वळवाच्या पावसावर अवलंबून राहावे लागते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एक हलकी सर आली. त्यानंतर कळ्या गुलाबीसर झाल्या, काही फुले उमललीच नाहीत आणि काही हिरवट, चांदणीसारखी, जाड पाकळ्यांची झाली. ती गळूनही पडली नाहीत, आणि फळ तर धरलेच नाही. हा रोग आहे काय? फवारणी करावी काय? (एक वाचक, सांगे)

उत्तर : हा रोग नव्हे, तेव्हा फवारणीवर पैसे घालवू नयेत. अर्धवट पाण्याने जागी झालेली कळी वाटेत अडकते, त्याचा हा परिणाम आहे. दहा मिलिमीटरच्या आतबाहेरची सर पडली तर कळ्यांची झोप मोडते, परंतु पुढच्या आठवडाभरात त्यांना फुगण्यासाठी लागणारे पाणी जमिनीत नसते. अशा कळ्या गुलाबीसर होऊन सुकतात किंवा अर्ध्यावर उघडतात. त्यात एप्रिलचा उकाडा असेल तर आपण वर्णन केलेली हिरवट चांदणीची फुले तयार होतात. कॉफीच्या शास्त्रात त्यांना तारा-फूल या अर्थाच्याच नावाने ओळखतात. त्यांचे परागकोश खुरटलेले असतात आणि त्यातून फळ मिळत नाही.

गोव्यातली अडचण अशी की आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. कोडगू आणि चिकमंगळूरच्या मळेवाल्यांना फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ज्या बहाराच्या सरींची आशा धरता येते, तशी आशा आपण धरू शकत नाही. आपला वळीव बहुधा एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मे महिन्यात येतो, तोही कधी या गावात तर कधी त्या गावात, आणि तोपर्यंत उष्मा वाढलेला असतो. म्हणून गोव्यात रोबस्टा लावायची आणि पाण्याची सोय ठेवायची नाही, हा व्यवहार मला पटत नाही.

आपल्याला एवढे करता येईल. बागेच्या वरच्या अंगाला एक टाकी किंवा प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे करावे आणि वर्षातून दोनच पाळ्यांपुरते पाणी जपावे. हलकी सर पडून गेल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत उरलेली भर पाण्याने घातली तरी बहार वाचतो. दिवस जसे जातील तसा उपयोग कमी होतो, आणि कळ्या गुलाबी झाल्यावर दिलेले पाणी त्या कळ्यांच्या कामाचे नसते.

प्रश्न : ताण तोडताना नेमके किती पाणी द्यावे? तुषार चांगले की ठिबक? आमच्याकडे विहीर आहे आणि दीड अश्वशक्तीचा पंप आहे. (एक वाचक, फोंडा)

उत्तर : कर्नाटकात रोबस्टासाठी जी पद्धत रुळली आहे तिच्यात बहाराची पाळी सुमारे चाळीस मिलिमीटरची, म्हणजे दीड इंचाच्या आसपास, आणि फुले येऊन गेल्यावर पंधरा ते वीस दिवसांनी द्यायची पाठपाळी सुमारे पंचवीस मिलिमीटरची असते. मिलिमीटरात सांगितलेले पाणी पुष्कळांना डोळ्यांसमोर आणता येत नाही, म्हणून ते लिटरमध्ये मांडतो. एक हेक्टर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. एका एकरावर चाळीस मिलिमीटर द्यायचे तर सुमारे एक लाख साठ हजार लिटर लागतील. झाडे तीन मीटर बाय तीन मीटरवर असतील तर प्रत्येक झाडाच्या वाट्याला नऊ चौरस मीटर जागा येते, म्हणजे झाडामागे ३६० लिटर. व्हिएतनामच्या मध्यवर्ती पठारावरचे शेतकरी प्रत्येक झाडाभोवती आळे करून ते नळीने भरतात, आणि तिथेही झाडामागे काही शे लिटरांचीच भाषा चालते.

आपली झाडे थोडी असतील आणि पूर्ण जागा भिजवणे परवडत नसेल तर झाडाभोवती दीड मीटर व्यासाचे आळे करून तेवढेच भिजवावे. त्याचे क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास भरते, म्हणजे सत्तर लिटरांत त्या आळ्यापुरते चाळीस मिलिमीटर पाणी होते. झाडाची मुळे आळ्याबाहेरही गेलेली असतात, म्हणून सत्तरवर न थांबता शंभर-सव्वाशे लिटर द्यावे आणि ते दोन वेळा करून मुरवावे. एकदम ओतलेले पाणी जांभ्याच्या भेगांतून खाली निघून जाते. आळ्याला उताराच्या खालच्या बाजूने बांध घालायला विसरू नये.

पाणी पुरेसे मुरले की नाही हे वरून कळत नाही. दुसऱ्या दिवशी आळ्याच्या कडेला कुदळीने एक फूट खोल खड्डा घ्यावा आणि तळाची माती मुठीत दाबून पाहावी. गोळा झाला तर पाळी पुरली. माती भुरभुर सुटली तर त्याच दिवशी आणखी पाणी द्यावे. कॉफीची अन्न घेणारी बारीक मुळे बहुतांशी याच वरच्या फूटभराच्या थरात असतात, त्यामुळे त्याखाली भिजवत बसण्याचे कारण नाही. तुषार वापरत असाल तर सरळ कडांचे चार-पाच पत्र्याचे डबे झाडांमध्ये वेगवेगळ्या अंतरांवर ठेवावेत आणि पंप बंद केल्यावर पट्टीने पाण्याची उंची मोजावी. तोटीजवळच्या आणि लांबच्या डब्यांत किती फरक पडतो हे पाहिल्यावर तोट्यांची जागा बदलावीशी वाटेल. लांबच्या डब्यात पंधरा मिलिमीटरच भरले असेल तर त्या भागातल्या झाडांची गत सांग्याच्या वाचकांनी लिहिल्यासारखी होईल.

तुषार आणि ठिबक यांपैकी बहारासाठी मी तुषाराला झुकते माप देईन. पाऊस पडताना मुळांना पाणी मिळते, त्याबरोबर झाडाचे तापमान उतरते आणि कळी स्वतः भिजते. तुषाराने हे सगळे साधते. ठिबकनेही बहार फुटतो, पण ज्या ठिबकने रोज थोडेथोडे पाणी जाते त्याने ताणही धड बसत नाही आणि तोही धड तुटत नाही. ठिबकच असेल तर ताणाच्या काळात ते पूर्ण बंद ठेवावे आणि ताण तोडताना लागोपाठ तास चालवून मुळांचा सगळा पट्टा भिजवावा. पाठपाळी आणि उन्हाळ्यातल्या पुढच्या पाळ्या यांना मात्र ठिबक उत्तम, कारण पाणी वाचते.

दीड अश्वशक्तीच्या पंपावर एका रात्रीत एकर भिजणार नाही. बागेचे भाग पाडून तीन-चार रात्रींत ही पाळी पुरी करावी. पाळी आठ-दहा दिवस रेंगाळली तर बागेचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या दिवशी फुलतील, आणि ज्यासाठी ताण दिला तेच हातचे जाईल.

पाठपाळीबद्दल पुष्कळदा हयगय होते, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द जास्त लिहितो. फुले वाळून गेल्यावर मागे राहिलेले कोवळे फळ टाचणीच्या डोक्याएवढे असते आणि पुढचे सहा-आठ आठवडे ते जवळजवळ वाढत नाही. आपल्याकडे हे आठवडे नेमके मार्च-एप्रिलच्या उन्हात येतात. या काळात जमीन कोरडी पडली तर झाड तो भार टाकून देते. बहाराची पाळी थाटामाटात द्यायची आणि पुढे विहीर आटली म्हणून हात वर करायचे, यापेक्षा निम्म्याच झाडांचा बहार धरून त्यांना पावसाळ्यापर्यंत दर पंधरा-वीस दिवसांनी पाणी देणे शहाणपणाचे. विहिरीच्या मे महिन्यातल्या पातळीवरून किती झाडांचा बहार धरायचा ते आधी ठरवावे.

प्रश्न : बाग फुलली त्याच दिवशी पाऊस पडला तर काय करावे? शेजाऱ्यांनी मधमाश्यांच्या पेट्या ठेवाव्यात असे सुचवले आहे. (एक वाचक, काणकोण)

उत्तर : पावसाला इलाज नाही. कॉफीचे फूल पहाटे उमलते आणि दोन-तीन दिवसांत कोमेजते, परागीभवनाचे बरेचसे काम पहिल्याच दिवशी उरकते. सकाळ कोरडी जाऊन दुपारनंतर सर आली तर नुकसान कमी होते, पहाटेच झोडपले तर पराग धुऊन जातो आणि रोबस्टाला ते जास्त जाणवते. अरेबिका या कॉफीच्या दुसऱ्या जातीचे फूल बहुतांशी स्वतःच्या परागावर फळत असल्याने ती यातून बऱ्यापैकी सुटते. आपल्या हातात एवढेच आहे की पाळी दिल्यापासून सातव्या दिवसानंतर आपला तुषार त्या बाजूला चालता कामा नये. पोफळीसाठी लावलेला तुषार कॉफीच्या उमललेल्या फुलांवर उडताना दिसतो, तो आपणच पाडलेला अवेळचा पाऊस होय.

मधमाश्यांची सूचना चांगली आहे. सातेरी मधमाशी आपल्याकडे सहज राहते. पेट्या फुलोऱ्याच्या दोन-तीन दिवस आधी आणाव्यात, आणि त्या आठवड्यात पोफळीवर किंवा मिरवेलीवर कीटकनाशक फवारू नये. मात्र सगळी झाडे एकाच झाडाच्या फाट्यांपासून केलेली असतील तर पेट्यांनी फारसा फरक पडणार नाही. दोन-तीन वेगळ्या वाणांची रोबस्टा मिसळून असावी लागते.

प्रश्न : फेब्रुवारीत पाऊस पडला की नाही यावरून जगभरात कॉफीचे भाव हलतात असे वाचले. एवढ्याशा सरींवर एवढे अवलंबून असते? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : असते, कारण त्या सरींवर पुढच्या वर्षाचा माल ठरतो. भारतातली सुमारे सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात होते आणि तिथला रोबस्टाचा मळेवाला फेब्रुवारीपासून आकाशाकडे किंवा आपल्या तळ्याकडे डोळे लावून असतो. जगात रोबस्टा सर्वांत जास्त पिकवणाऱ्या व्हिएतनाममध्ये तर कोरड्या ऋतूतले सिंचन हाच पिकाचा कणा आहे. तिथे पाण्याची टंचाई भासली आणि एप्रिल २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात रोबस्टाचा भाव टनाला चार हजार डॉलरच्या वर गेला. भाव चढण्याला इतरही कारणे होती, पण कोरडे हवामान हे त्यांतले ठळक कारण होते. ब्राझीलच्या सेराडो भागातली गोष्ट याहून वेगळी आहे. तिथे पाणी हाताशी असूनही शेतकरी जूनअखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, सुमारे सत्तर दिवस, सिंचन जाणूनबुजून बंद ठेवतात. सारी फुले एकदम यावीत आणि यंत्राने तोडणी करताना कच्ची फळे कमी यावीत म्हणून एम्ब्रापा या तिथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने ही पद्धत रूढ केली.

प्रश्न : पणजीत आमच्या गच्चीवर मोठ्या कुंडीत कॉफीचे झाड आहे. चार वर्षांत फूल नाही. रोज पाणी घालतो. (एक वाचक, पणजी)

उत्तर : डिसेंबरअखेरपासून पाणी अगदी कमी करावे, पाने मलूल व्हायला लागली की घोटभर द्यावे, आणि सहा-सात आठवड्यांनी एका संध्याकाळी कुंडी तळातून पाणी वाहेपर्यंत भिजवावी, पानांवरही शिंपडावे. झाड सकाळच्या उन्हात असेल तर आठ-दहा दिवसांत फुले दिसायला हरकत नाही. पाने पिवळी पडू लागली तर ताण तिथेच थांबवावा. कुंडीतली थोडी माती फार लवकर सुकते. शिवाय झाड एकटे आहे. ते रोबस्टा असेल तर फुले येतील, पण फळ धरणार नाही. अरेबिका असेल तर धरेल.

प्रश्न : पाणी लवकर देऊन तोडणी लवकर आणता येईल का? फळे पिकत असताना पाणी द्यावे का? आणि तोडणी किती वेळा करावी? (एक वाचक, सावई-वेरे)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर हिशेबाने होय असेच येते. फुले आठवडाभर आधी आली तर रोबस्टाची फळेही साधारण तेवढीच आधी पिकतील. पण जानेवारीत ताण तोडला तर दोन अडचणी उभ्या राहतात. पुष्कळ कळ्या तोवर पुरत्या वाढलेल्या नसतात, त्यामुळे बहार अर्धाच फुटतो आणि उरलेला मागून केव्हातरी येतो. दुसरी अडचण म्हणजे मागच्या हंगामाची फळे अजून फांदीवर असतात. कर्नाटकात जानेवारीत अवकाळी पाऊस झाला की मळेवाले हवालदिल होतात ते यासाठीच. एका हाताने लाल फळे तोडायची आणि दुसऱ्या हाताने त्याच पेऱ्याजवळची नवी फुले सांभाळायची अशी वेळ येते, आणि तोडणाऱ्या माणसाकडून फुले झडतातच. तेव्हा फळे उतरवून झाडावर हात फिरवून झाला की मगच पाणी द्यावे.

पिकण्याच्या काळात पाणी देऊ नये. दाण्याचा आकार पावसाळ्यातच ठरून जातो, फळ जोराने वाढते ते तेव्हा, आणि आपल्याकडे त्या महिन्यांत पाण्याची वाण नसते. त्या दिवसांत काळजी घ्यायची ती उलट बाजूची, म्हणजे आळ्यात पाणी तुंबून मुळे गुदमरू नयेत आणि कोवळी फळे काळी पडून गळू नयेत म्हणून चर मोकळे ठेवण्याची आणि वरची सावली जूनपूर्वी विरळ करण्याची. ऑक्टोबरनंतर दिलेल्या पाण्याने दाणा वाढत नाही. नव्या कळ्यांचा ताण तेवढा मोडतो.

तोडणीबद्दल सांगायचे तर, बहार एकदम धरला असेल तर रोबस्टाच्या दोन तोडण्या पुरतात. पहिलीत पूर्ण लाल फळे घ्यावीत, दुसरीत बाकी सर्व. बहार विखुरलेला असेल तर पाच-सहा फेऱ्या मारूनही कच्ची-पक्की मिसळ होतेच, आणि कच्च्या फळाची चव पेल्यात तुरट, गवतासारखी उतरते. अरेबिका फुलल्यापासून आठ-नऊ महिन्यांत पिकते आणि तिची फळे पिकल्यावर झाडावर फार टिकत नाहीत, म्हणून तिला जास्त फेऱ्या लागतात. पण गोव्याच्या उंचीवर अरेबिकाच्या नादी लागण्यात मला अर्थ दिसत नाही. तोडलेली फळे टोपलीत रात्रभर दडपून ठेवू नयेत. ती त्याच दिवशी सिमेंटच्या खळ्यावर किंवा ताडपत्रीवर पातळ पसरावीत आणि दिवसातून चार-पाच वेळा हलवावीत. मूठभर फळे हलवल्यावर आतले दाणे खुळखुळू लागले की माल वाळला.

शेवटच्या तोडणीनंतर झाडावर आणि जमिनीवर उरलेले प्रत्येक फळ वेचून काढावे, हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये. फळ पोखरणारा भुंगेरा भारतात १९९० साली निलगिरीतल्या गुडलूरला प्रथम आढळला, आणि तेव्हापासून तो मळेवाल्यांची डोकेदुखी होऊन बसला आहे. तो उन्हाळाभर तग धरतो तो अशाच राहून गेलेल्या फळांत. ज्या बागेत सततच्या पाण्यामुळे बारा महिने कुठे ना कुठे फळ असते तिथे त्याला उपास पडतच नाही. फळावर टोकाच्या बाजूला टाचणीने टोचल्यासारखे बारीक भोक दिसले तर ती फळे वेगळी करून उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवावीत आणि मगच वाळत घालावीत.